ध्यासवाचक शब्द, मराठीतील

एखादी वस्तू, व्यक्ती, विद्या, कला किंवा कल्पना ह्यांनी मन पूर्णपणे व्यापले गेल्याची अवस्था दर्शविणारे मराठीतील शब्द. ध्यास, निदिध्यास, नाद, छंद, वेड, पिसे, खूळ, व्यसन, चटक, सोस, हव्यास, व्यासंग, तंद्री ही नामे; तल्लीन, तन्मय, मग्न, गर्क, दंग, गुंग, मशगूल ही विशेषणे आणि रमणे, रंगणे, गढणे, झपाटणे, पछाडणे, भारावणे ही क्रियापदे ह्या वर्गात मोडतात. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) ह्यांसारख्या कोशांचा आधार घेणाऱ्यास ह्यांतील अनेक शब्द परस्परांचे पर्याय वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र ते एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. ‘त्याला गाण्याचा छंद आहे’, ‘नाद आहे’, ‘वेड आहे’ आणि ‘ध्यास आहे’ ही चार विधाने एकाच माणसाविषयी केली, तरी ती करणारे त्याच्याकडे चार निरनिराळ्या दृष्टींनी पाहत असतात.

हा भेद केवळ उत्कटतेच्या कमीअधिक प्रमाणाचा नाही. माणूस आपण होऊन त्या विषयाकडे गेला की त्या विषयाने त्याला गाठले. ती अवस्था त्याच्या स्वाधीन आहे की तो तिच्या. आणि तिच्यातून जे निष्पन्न होते त्याला आजूबाजूचे लोक किती किंमत देतात, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ह्या शब्दांत अध्याहृत असतात. त्यामुळे ह्या वर्गातील शब्दाची निवड हे बऱ्याचदा वर्णन नसून निवाडा असतो.

व्युत्पत्ती व मूळ प्रतिमा : ह्या शब्दांच्या मुळाशी काही मोजक्या प्रतिमा आढळतात. पहिली प्रतिमा बुडण्याची. मग्न व निमग्न हे शब्द ‘बुडणे’ ह्या अर्थाच्या मज्ज् ह्या संस्कृत धातूपासून आले. गर्क हा शब्द त्याच अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन भाषांतून मराठीने एकच प्रतिमा उचलली आणि ‘कामात बुडालेला’ ह्या देशी प्रयोगाने तिला जोड दिली. दुसरी प्रतिमा एकरूप होण्याची. तल्लीन (तत् + लीन), तन्मय (तत् + मय), तद्रूप, तदाकार आणि तत्पर ह्या सर्वांचा पहिला घटक ‘तत्’ म्हणजे ‘ते’ असा आहे. ‘ते’ म्हणजे काय, हे शब्द सांगत नाही. परमेश्वरापासून पत्त्यांच्या डावापर्यंत काहीही त्या जागी बसू शकते.

तिसरी प्रतिमा रंगाची. कीर्तनात ‘रंगणे’ ह्या प्रयोगामागे रंज् (रंग चढणे) ह्या धातूचा मोठा परिवार आहे. राग, अनुराग, अनुरक्त आणि आसक्तीचा रंग उडालेला तो विरक्त, हे शब्द त्याच धातूचे. चौथी प्रतिमा स्तिमित होण्याची. फार्सीत दंग म्हणजे विस्मित, गुंग म्हणजे मुका. ‘मती गुंग होणे’ ह्या वाक्प्रचारात आणि ‘पाहणारे दंग झाले’ ह्यासारख्या वाक्यांत हे जुने अर्थ अजूनही टिकून आहेत. मशगूल ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र नुसता ‘कामात असलेला’ असा आहे.

पाचवी प्रतिमा परकीय शक्तीने ताबा घेण्याची. झपाटणे व पछाडणे ही मुळात भूतबाधेची क्रियापदे होत. पिसा हा शब्द सामान्यतः पिशाच ह्या शब्दाशी जोडला जातो. भारणे आणि भारावणे मंत्रप्रयोगातून आले. गारूड हा शब्द सर्पविषावरील गरुडमंत्राशी संबद्ध असून गारुडी व ‘गारूड करणे’ हे त्याचेच विस्तार होत. भूल, भुरळ आणि मोहिनी ह्याच गटातील. त्यांपैकी ‘भूल’ हा शब्द शस्त्रक्रियेपूर्वीच्या बधिरीकरणासाठीही रूढ झाला आहे. माणूस जागा असूनही स्वतःच्या ताब्यात नाही, ही कल्पना ह्या सर्वांत समान आहे.

काही शब्दांचा अर्थ संस्कृतातून मराठीत येताना पालटला. छंद म्हणजे संस्कृतात इच्छा किंवा आवड. स्वच्छंद ह्या शब्दात तो अर्थ दिसतो. तंद्री हा मुळात ग्लानी किंवा झोपेची गुंगी ह्या अर्थाचा शब्द. मराठीत तो एकाग्रतेच्या त्या अवस्थेसाठी येऊ लागला, जिच्यात माणूस बाहेरच्या जगाला झोपलेल्याइतकाच पारखा होतो. व्यासंग (सञ्ज् = चिकटणे) ह्या शब्दाला संस्कृतात अतिशय आसक्ती आणि चित्तविक्षेप असे दोन्ही अर्थ आहेत; मराठीत मात्र तो चिकाटीच्या अभ्यासाचा गौरववाचक शब्द ठरला. नाद ह्या ध्वनिवाचक शब्दाला मराठीत आसक्तीचा अर्थ प्राप्त झाला. नादाला भुलून पारध्याच्या हाती सापडणाऱ्या हरिणाचा दृष्टांत भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे व त्या स्कंधावरील एकनाथांच्या टीकेमुळे (१५७३) तो मराठी श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. ह्या शब्दाची धोक्याकडे झुकणारी छटा त्या दृष्टांताशी जुळणारी आहे.

ध्यास हा शब्द ध्यै (चिंतन करणे) ह्या धातूशी निगडित आहे. निदिध्यासन हे त्याच धातूच्या इच्छार्थक रूपावरून बनलेले नाम होय. बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादात आत्मज्ञानाच्या मार्गावर श्रवण व मनन ह्यांच्यानंतर निदिध्यासनाचे स्थान आहे. अशा वंशपरंपरेमुळे ध्यास ह्या शब्दाला प्रारंभापासूनच साधनेची प्रतिष्ठा लाभली.

वाक्यरचनेतील भेद : ह्या शब्दांबरोबर कोणते क्रियापद येते, ह्यावरून माणसाची कर्तृत्वशक्ती भाषेने किती मानली आहे हे कळते. वेड, नाद, चटक, तंद्री ही ‘लागतात’. छंद व व्यसन ही ‘जडतात’. ‘त्याला वेड लागले’ ह्या वाक्यात वेड हा कर्ता आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. तहान, भूक, झोप, ठेच, सवय आणि आग ह्यांच्यासाठीही मराठी हेच क्रियापद वापरते. माणूस त्या घटनेचे केवळ स्थान असतो. ह्याउलट ध्यास ‘लागतो’ तसाच तो ‘घेताही येतो’. छंद जडल्यावर तो ‘जोपासता’ येतो. व्यासंग तर ‘करावाच’ लागतो. खूळ डोक्यात ‘शिरते’. पण हट्टी माणूस ते डोक्यात ‘घेतो’ असेही म्हणतात. ‘नाद लागणे’ आणि ‘नादी लागणे’ ह्यांतील फरक विशेष लक्षणीय आहे. पहिल्यात नाद माणसाकडे येतो. दुसऱ्यात माणूस दुसऱ्याच्या मागे जातो आणि म्हणून दोषाचा वाटेकरी ठरतो. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ह्या म्हणीत तर वेड घोंगडीसारखे पांघरता येते. तेथे ते सोंग असते.

अवस्था कशी संपते, ह्यावरूनही शब्दांचे स्वरूप उघड होते. नाद व व्यसन ‘सुटतात’ किंवा प्रयत्नाने ‘सोडता’ येतात; म्हणजे ती बंधने होत. तंद्री ‘भंगते’; म्हणजे ती नाजूक वस्तू होय. झपाटणारे भूत ‘उतरते’ किंवा उतरवावे लागते. खूळ डोक्यातून ‘जाते’ किंवा ‘काढावे’ लागते. ध्यास मात्र सहसा सुटत किंवा उतरत नाही. तो पूर्ण होतो किंवा माणसाबरोबर राहतो.

अर्थक्षेत्रे : विषयानुसारही शब्दांची वाटणी झालेली दिसते. हव्यास हा बहुधा धन, सत्ता, कीर्ती अशा साठविण्याजोग्या गोष्टींचा असतो आणि तो कधी पुरा होत नाही. सोस हा दागिने, कपडे, खाणे, मिरवणे ह्यांचा. चटक ही चवीपासून सुरू होते. लळा मूल, पाळीव प्राणी किंवा प्रेमळ माणूस ह्यांचा लागतो व त्यात निंदेचा अंशही नसतो. शौक हा अरबी शब्द (जुन्या लेखनात षोक) पैसा व फुरसत ह्यांची पार्श्वभूमी सुचवितो. फार्सी दर्द (वेदना) ह्या शब्दावरून आलेला दर्दी हा गाण्याचा जाणता श्रोता होय. वेडा हा शब्द सामासिक रूपात गौरववाचक होतो : नाटकवेडा, पुस्तकवेडा, गडवेडा. परंतु -इष्ट हा प्रत्यय लागलेले नादिष्ट व छांदिष्ट हे शब्द कौतुक आणि कंटाळा ह्यांच्या सीमेवर राहतात, तर ‘छंदीफंदी’ हा उघड दूषणाचा शब्द आहे. कोल्हापूरकडील बोलीत ‘नादखुळा’ हा शब्द प्रशंसेसाठी वापरला जातो आणि दोन कमी प्रतीच्या शब्दांतून एक उत्साहवाचक उद्गार तयार होतो.

भक्तिपरंपरा : वेड ह्या शब्दाला प्रतिष्ठा मिळण्याची प्रक्रिया मराठीत फार जुनी आहे. महानुभाव पंथातील श्रीगोविंदप्रभू (गुंडम राऊळ) ह्यांच्या ऋद्धिपूर येथील लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केल्या. त्यांत गोविंदप्रभूंच्या लोकविलक्षण वागण्याकडे पाहून गावकरी त्यांना वेडे आणि पिसे म्हणत असल्याचे वारंवार येते. लोकांच्या दृष्टीने जो वेडा, तोच अनुयायांच्या दृष्टीने ईश्वरावतार. आणि ग्रंथकाराने लोकांचे शब्द गाळले नाहीत. एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात भूतबाधेचे रूपक आहे. तेथे झपाटणारे भूत म्हणजे पंढरीचा विठ्ठल होय. एरव्ही मांत्रिकाकडून उतरवून घ्यावयाची बाधा येथे हवीशी होते. वारकरी संतांच्या रचनांत वेध, छंद, पिसे हे शब्द अशाच अर्थाने येतात. आधुनिक काळात देशवेडा, समाजकार्याने झपाटलेला इ. प्रयोग स्तुतिपर मानले जातात, त्यामागे ही परंपरा आहे.

ह्याच्या उलट बाजूस धर्मशास्त्र व राजनीती ह्यांचा विचार आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, तीतून काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश व शेवटी बुद्धिनाश अशी साखळी दाखविली आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांना वाहिलेले आहे. तेथे व्यसन म्हणजे राज्यावरील आपत्ती आणि राजाचा दोष असे दोन्ही अर्थ येतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली असून त्यांतील दहा कामापासून उद्‌भवणारी आहेत. मृगया, द्यूत, मद्य ह्यांच्या पंक्तीत तेथे नृत्य, गीत व वाद्य ह्यांचीही गणना केली आहे. आज पालक ज्याला छंद म्हणून उत्तेजन देतात, तेच त्या यादीत व्यसन ठरले होते. विषय तोच राहिला. पाहणाऱ्याचे प्रयोजन बदलले, तेव्हा शब्दही बदलला.

समाजाचा निवाडा : एकाच माणसाची एकच अवस्था यशापूर्वी एका शब्दाने व यशानंतर दुसऱ्या शब्दाने ओळखली जाते, ह्याची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात पुष्कळ आहेत. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) ह्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिल्यानंतर चित्रपटनिर्मितीचा ध्यास घेतला. अहोरात्र चित्रपट पाहण्याने व प्रयोग करण्याने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि १९१३ मध्ये त्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रदर्शित झाला. विमा गहाण पडला त्या दिवशी ह्या अवस्थेला ‘खूळ’ म्हणणाऱ्यास चूक ठरविण्याजोगे काहीही हाती नव्हते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) ह्यांनी जुन्या दप्तरांच्या शोधात गावोगाव भटकंती केली. मराठ्यांच्या इतिहासाची साधने ह्या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला व एकूण बावीस खंड प्रसिद्ध झाले. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) संख्यांच्या गुणधर्मांत आयुष्यभर गढून गेले होते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा शोध. (उदा., ३५२४ पासून ३०८७, ८३५२, ६१७४.) दीर्घकाळ ही विक्षिप्त करमणूक मानली गेली, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर ह्यांनी एका अमेरिकन विज्ञान-मासिकातील आपल्या सदरात तिची दखल घेतल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले. संख्यांविषयीच्या आपल्या ओढीची तुलना ते स्वतः मद्यपीच्या ओढीशी करीत, असे सांगितले जाते.

अशा उदाहरणांवरून प्रत्येक खूळ हा न ओळखला गेलेला ध्यास असतो, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ज्यांच्या परिश्रमांतून काहीच उभे राहिले नाही त्यांची नावे उरत नाहीत, आणि उरलेल्या नावांवरूनच ध्यास ह्या शब्दाचा अर्थ घडत जातो. शिवाय ध्यासाची किंमत नेहमी ध्यास घेणाराच चुकवितो असे नाही. फाळके ह्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटाच्या कच्च्या फितीला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या चमूच्या स्वयंपाकापर्यंतची कामे करीत. ध्यास ह्या शब्दात घरच्यांचा हा वाटा येत नाही. नाद ह्या शब्दात मात्र त्यांची तक्रार ऐकू येते. म्हणून हे दोन शब्द बहुधा वेगवेगळ्या तोंडी असतात : पहिला चरित्रकाराच्या, दुसरा कुटुंबीयांच्या.

वैद्यक व मानसशास्त्र : विसाव्या शतकात ह्या शब्दांपैकी काहींना शास्त्रीय परिभाषेची कामे करावी लागली. १९१२ चा भारतीय ‘ल्यूनसी’ कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द झाला व त्याची जागा पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली. ह्याच काळात मराठी लेखनातून ‘वेड्यांचे इस्पितळ’ हा प्रयोग मागे पडून ‘मनोरुग्णालय’ हा शब्द रूढ झाला. परिणामी वेड हा शब्द रोगाच्या क्षेत्रातून हळूहळू निघून आवडीच्या क्षेत्रात अधिकाधिक स्थिरावत आहे. व्यसन ह्या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. तो दुर्गुणवाचक होता. व्यसनमुक्तीच्या चळवळीने तो उपचारयोग्य आजाराचा वाचक केला. पुणे येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण ह्या केंद्राचा महाराष्ट्रातील ह्या दृष्टिपालटात मोठा वाटा आहे.

मनात नको असलेला विचार पुनःपुन्हा येणे आणि त्याच्या शमनासाठी हात धुणे, कुलूप तपासणे ह्यांसारख्या कृती वारंवार कराव्या लागणे, ह्या विकाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात. मंत्र आणि चळणे ह्या घटकांतून बनलेला हा शब्द जुन्या समजुतीतून आला असला, तरी विकाराचे एक लक्षण तो अचूक पकडतो : पुनरावृत्ती. ध्यास व मंत्रचळ ह्या दोहोंतही विचार पिच्छा सोडत नाही. पण ध्यासात माणूस त्या विचाराला आपला मानतो, मंत्रचळात तो त्याला छळणारा वाटतो. मंत्रचळाच्या रुग्णाला ‘स्वच्छतेचे वेड’ आहे असे थट्टेने म्हटले गेल्यास उपचारास विलंब होतो, आणि शब्दभेद केवळ भाषिक राहत नाही.

आधुनिक मानसशास्त्रातील काही संकल्पना मराठी शब्दभेदांशी मिळत्याजुळत्या आहेत. मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) ह्यांनी वर्णिलेल्या कार्यमग्नतेच्या अवस्थेत काळाचे व स्वतःचे भान हरपते आणि कृती हेच तिचे फळ असते. तल्लीनता ह्या शब्दाने तीच अवस्था सुचविली जाते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ मध्ये उत्कट आवडीचे दोन प्रकार मांडले : आयुष्याच्या इतर अंगांशी मेळ राखणारी आणि माणसावर सत्ता गाजविणारी. छंद आणि नाद ह्यांतील फरक स्थूलमानाने हाच होय. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात (अकरावी आवृत्ती) संगणकीय खेळांच्या आहारी जाण्याचा समावेश विकार म्हणून झाला. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा त्याला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची लक्षणे असून ती सामान्यतः किमान बारा महिने दिसावी लागतात. खेळण्यात किती तास गेले ही ह्यातील मुख्य कसोटी नाही. ताबा कोणाकडे आहे, ही आहे.

मुलाच्या हातातील मोबाइलविषयी घरोघर वापरले जाणारे छंद, नाद, वेड, व्यसन हे शब्द ह्या कसोटीवर तपासता येतात. छंद म्हटले की कौतुक होते, नाद म्हटले की रागावणे, वेड म्हटले की हसण्यावारी नेणे आणि व्यसन म्हटले की उपचार. अवस्थेला दिलेले नाव पुढील वागणुकीची दिशा ठरविते; म्हणून ते उत्कटता पाहून नव्हे, तर त्या अवस्थेतून आपण होऊन बाहेर येण्याची शक्ती माणसात कितपत शिल्लक आहे हे पाहून देणे युक्त ठरते.